नाशिकचा वाडा, निजामपुऱ्याची खोली

1921 साली ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये नाशिक शहरातल्या बायकांच्या हाडांवर एक निबंध छापून आला. लिहिणारे होते हचिसन आणि पटेल. पुढच्या वर्षी हचिसन यांनी शहा यांच्यासोबत ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आणखी सविस्तर निबंध लिहिला. विषय होता मुडदूस आणि त्याचं मोठ्या वयातलं रूप, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार. वयात येणाऱ्या मुलींचे पाय त्यामुळे वाकत. बाळंतपणाच्या वयातल्या बाईचं कटीर चेपलं जाई आणि मूल अडे. कंबर धरून, पाय ओढत, बदकासारखी डुलत चालणारी तरुण बाई त्या काळच्या डॉक्टरांना नवी नव्हती. नवी होती ती या तिघांनी विचारलेली गोष्ट: हा आजार कुणाच्या घरात आहे, आणि कुणाच्या घरात नाही?

उत्तर सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलटं निघालं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या, शेतात नाहीतर रस्त्यावर राबणाऱ्या गरीब घरांत हा आजार जवळपास नव्हता. दूधदुभतं असलेल्या, खाऊनपिऊन सुखी, पण बायकामुलींना घराबाहेर पडू न देणाऱ्या कुटुंबांत तो होता. त्यात मुसलमान घरं होती, तशी वरच्या जातींतली हिंदू घरंही होती. गोषा एका धर्माचा नव्हता, तो प्रतिष्ठेचा होता. ज्या घराला बाई आत ठेवणं परवडत होतं, त्या घराच्या लेकीसुनांची हाडं मऊ पडत होती. दोष आहाराचा नसून बंदिस्त राहणीचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्या वेळी युरोपात मुडदुसावरून जोराचा वाद चालू होता. ग्लासगोचे डॉक्टर कोंदट घरांकडे बोट दाखवत, लंडनचे मेलनबी आहाराकडे. 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवलं आणि त्यांची हाडं सुधारलेली क्ष-किरण चित्रांत दाखवली. 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातलं मुडदूस बरं करणारं द्रव्य जीवनसत्त्व ‘अ’पासून वेगळं असल्याचं सिद्ध केलं. तेच ‘ड’. मग दोन्ही पक्षांचं भांडण मिटलं, कारण ते एकच द्रव्य तेलातून मिळत होतं आणि कातडीवर ऊन पडलं की शरीरातही तयार होत होतं. 1928 साली कॅथलीन वॉन यांनी गोषा आणि बाळंतपण यांच्या संबंधावर पुस्तकच लिहिलं. श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात अडलेल्या बाळंतिणी त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या, आणि प्रकाशाचा अभाव हे कारण त्यांनी पुस्तकाच्या नावातच घातलं.

नाशिकचं हे संशोधन मराठी मुलखातलं, पण मराठीत त्याची आठवण कुणी फारशी ठेवली नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. हचिसन, पटेल आणि शहा यांनी बायकांची हाडं तपासली ती त्यांची राहणी तपासून. बाईला घराबाहेर पडता येतं की नाही, अंगावर ऊन पडतं की नाही, हे त्यांच्या तपासणीचे भाग होते. पुढच्या ऐंशी वर्षांत हाडं मोजण्याची विद्या विलक्षण पुढे गेली आणि हे प्रश्न मागे पडले. त्याची किंमत कोण मोजतं, हे पाहायचं तर नाशिकहून आग्रा रोडने मुंबईकडे उतरावं आणि भिवंडीला थांबावं.

कामवारी नदीकाठचं हे गाव. महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीला निजामपूर जोडलेलं आहे, आणि निजामपुरा हा गावातला दाट वस्तीचा भाग. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि गाव बारा बारा तासांच्या पाळ्यांवर चालू लागलं. माग पुरुषांनी चालवायचे. बायकांच्या वाट्याला घरबसलं काम: तयार कापडाचे सुटे धागे कातरणं, कपड्यांना टिकल्या-मणी लावणं. खाली कारखाना, वर राहत्या खोल्या, मधे शिडीसारखा उभा जिना. दोन इमारतींच्या फटीत पावसाळ्यासाठी टाकलेला प्लॅस्टिकचा कागद उन्हाळ्यातही तसाच. अशा खोलीत दुपारी बारालाही दिवा लावून काम होतं. नाशिकच्या वाड्यात बाई घराण्याच्या अब्रूसाठी आत बसली होती; इथे ती मुख्यतः जागेच्या टंचाईने, कामाच्या दरामुळे आणि बाहेर उभं राहायला मोकळी जागाच नसल्यामुळे आत बसली आहे. हाडांना त्यातला फरक कळत नाही.

हाडं मोजण्याची विद्या कशी पुढे गेली ते पाहायला आता विसाव्या शतकाच्या मध्याकडे जाऊ. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर अल्ब्राइट नावाचे डॉक्टर पाठीत वाकलेल्या, मणके दबलेल्या बायका तपासत होते. 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 65 वर्षांखालचे 42 रुग्ण होते, आणि त्यांतल्या 40 जणी पाळी गेलेल्या बायका होत्या. पाळी थांबणं आणि हाड विरळ होणं यांची गाठ त्यांनी पहिल्यांदा ठामपणे बांधली. स्त्रीबीजकोश थंडावले की इस्ट्रोजेन आटतं. हाड ही जिवंत वस्तू आहे. जुनं हाड कुरतडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर काम करतात. इस्ट्रोजेन कुरतडणाऱ्यांना आवर घालतं, हे पुढे कळलं. अल्ब्राइट यांचा अंदाज उलटा होता, त्यांना वाटलं होतं की भरणाऱ्या पेशी मंदावतात. पण गाठ खरी होती. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत मणक्यांतली घट सर्वांत वेगाने होते.

अल्ब्राइट यांनी आणखी एक भेद स्वच्छ केला, आणि या लेखाचा सगळा भार त्यावर आहे. हाडाचे दोन आजार दिसायला सारखे, पण मुळात वेगळे. एकात हाड कमी झालेलं असतं, पण जेवढं उरलं आहे त्यात चुना नीट भरलेला असतो. ही अस्थिविरलता, ऑस्टिओपोरोसिस. दुसऱ्यात हाडाचा सांगाडा जागेवर असतो, पण त्यात चुनाच भरला जात नाही. हा ऑस्टिओमलेशिया, नाशिकच्या बायकांचा आजार. पहिल्यात बाई पडली की हाड मोडतं, तोवर दुखेलच असं नाही. दुसऱ्यात आधीपासून ठणका लागतो, मांड्यांतली ताकद जाते, खाली बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. पहिला वयाने येतो, दुसरा उन्हाच्या आणि अन्नाच्या तुटवड्याने. आणि एकाच बाईला दोन्ही असू शकतात.

अल्ब्राइट यांच्या हाती मोजायला काय होतं? साधी क्ष-किरण फिल्म. हाडातला सुमारे 30 टक्के चुना जाईपर्यंत तीवर फरक उमटत नाही, तेव्हा ती फार उशिरा बोलते. या फिल्ममधून जास्तीत जास्त काढण्याची युक्ती एका भारतीयाने शोधली. 1970 साली मनमोहन सिंग या डॉक्टरांनी (हे पंतप्रधान नव्हेत) नागरथ आणि मैनी या सहकाऱ्यांबरोबर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती फिल्म दिव्याच्या पेटीवर लावून जवळून पाहिली तर खुब्याच्या गोळ्यापासून खाली उतरणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. काही भार दाबतो त्या दिशेने, काही भार ताणतो त्या दिशेने कमानीसारख्या वळलेल्या. एकोणिसाव्या शतकात झुरिकचे अभियंते कुलमान यांनी फॉन मेयर यांच्याकडे अशा हाडाचा छेद पाहिला, तेव्हा त्यांना त्यात यारीच्या वाकड्या खांबातले ताण ओळखू आले होते. सिंग यांनी पाहिलं ते असं, की हाड विरळ होताना या रेघा वाटेल तशा पुसल्या जात नाहीत. कमी भाराच्या आधी जातात, ताणाची मुख्य कमान नंतर तुटते, आणि थेट भार पेलणाऱ्या सगळ्यांच्या शेवटी उरतात. या क्रमावरून त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या. सहावी म्हणजे सगळ्या रेघा शाबूत, तिसरीवर मुख्य कमान तुटलेली, पहिलीवर भार पेलणाऱ्या रेघाही फिकट.

‘सिंग इंडेक्स’ या नावाने ही मोजणी जगभर गेली. तालुक्याच्या गावातही होईल इतकी ती स्वस्त होती: एक फिल्म, एक दिवा आणि सरावलेला डोळा. डोळ्यावर अवलंबून असणं हीच तिची उणीवही ठरली. तीच फिल्म दोन डॉक्टरांनी पाहिली तर दोन पायऱ्या निघत, हे पुढच्या तपासण्यांत वारंवार दिसलं. तरीही खुब्याच्या हाडाची विरळता साध्या फिल्मवर क्रमाने वाचता येते हे दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि ते दाखवणाऱ्याचं नाव आज आपल्याकडे वैद्यकीय परीक्षेपुरतं उरावं याची खंत वाटते.

डोळ्याची जागा यंत्राने घेण्याची तयारी तोवर सुरू झालीच होती. 1963 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी किरणोत्सारी आयोडिनमधून निघणारे किरण हातातून पलीकडे पाठवले आणि हाडाने त्यांतले किती अडवले ते मोजलं. मनगटाजवळच्या हाडाला ही रीत चालली. मणका आणि खुबा यांच्याभोवती मांस फार, तिथे एका ऊर्जेचे किरण पुरेनात. मग दोन ऊर्जांचे किरण आले, म्हणजे मांसाचा वाटा वजा करता येऊ लागला. 1987 मध्ये किरणोत्सारी द्रव्याऐवजी क्ष-किरण वापरणारं यंत्र बाजारात आलं, आणि तेच आजचं डेक्सा. बाईने टेबलावर उताणं पडायचं, पायांखाली ठोकळा घेऊन कंबर सपाट करायची, वरून यंत्राचा हात सरकत जातो. काही मिनिटांत कमरेचे चार मणके आणि खुबा मोजून होतो. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेहूनही कमी.

मोजता आलं. पण कमी कशाला म्हणायचं? 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रेघ आखली. तरुण, निरोगी बाईच्या सरासरी घनतेपासून तुम्ही किती प्रमाण-विचलनं खाली आहात, तो टी-स्कोअर. उणे 2.5 किंवा त्याखाली असाल तर अस्थिविरलता. ही रेघ निसर्गात कुठे कोरलेली नव्हती. गोऱ्या वंशाच्या, पाळी गेलेल्या बायकांपैकी साधारण 30 टक्के तिच्याखाली येतात, आणि त्यांच्यात उरलेल्या आयुष्यात हाड मोडण्याची शक्यताही तेवढीच, म्हणून ती तिथे आखली गेली. सगळ्या जगात वापर होईल अशी एक मोजपट्टी हवी होती, त्या दृष्टीने तो निर्णय समंजसच होता. पण तुलनेला घेतलेली तरुण, निरोगी बाई अमेरिकेतली गोरी बाई होती.

निजामपुऱ्यातली समजा 52 वर्षांची बाई त्या टेबलावर झोपली, तर या पट्टीतल्या दोन अडचणी एकदम समोर येतात. एक अशी, की डेक्सा हाडाची खरी घनता मोजत नाही. ते हाडाची सावली मोजतं, एका चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम चुना आहे एवढंच, आणि जाडी त्याला दिसत नाही. पावणेपाच फुटी बाईचं चणीनेच बारीक हाड धडधाकट असलं तरी त्या सावलीत फिकं दिसतं. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या अनेक केंद्रांत निरोगी स्त्री-पुरुषांची मोजणी करून 2010 मध्ये भारतीय प्रमाण प्रसिद्ध केलं. पुण्यात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत खाडिलकर, चिपळोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या हाडांची भारतीय मानकं तयार केली आणि चाळिशीपुढच्या शहरी बायकांची हाडंही मोजली. पट्टी बदलली की रोगी ठरणाऱ्यांची संख्या बदलते. तेव्हा अहवाल वाचताना यंत्रात कुठली पट्टी बसवली आहे हे विचारलंच पाहिजे.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. चुना कमी आहे एवढंच यंत्र सांगतं. तो हाड कमी झाल्यामुळे कमी आहे की हाडात भरलाच गेला नाही म्हणून, हे ते सांगू शकत नाही. अल्ब्राइट यांनी जो भेद इतक्या कष्टाने स्वच्छ केला, तो टी-स्कोअरच्या आकड्यात पुन्हा मिटून जातो. नाशिकच्या वाड्यातली बाई आणि बोस्टनच्या दवाखान्यातली बाई या यंत्राच्या कागदावर एकच होतात.

ही भीती पुस्तकी नाही. 2000 साली दिल्लीच्या एम्समध्ये रविंदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांचं ‘ड’ जीवनसत्त्व मोजलं. उघड्यावर कवायत करणाऱ्या जवानांचं बरं निघालं, रुग्णालयाच्या भिंतींआड काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचं फार कमी. दक्षिणेत तिरुपतीच्या हरिनारायण यांनी पाळी गेलेल्या बायकांमध्ये हीच कमतरता दाखवली. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, ‘ड’ तयार करणारे किरण काच अडवते. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. आणि सकाळचं कोवळं ऊन, ज्याची आपण एवढी महती गातो, त्यात हे किरण फार थोडे असतात. ऊन डोक्यावर आलेलं लागतं. त्या वेळी निजामपुऱ्यातली बाई चुलीपाशी तरी असते, नाहीतर कापडाच्या ढिगापाशी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत वीणा शत्रुघ्न यांनी केलेलं काम मला या सगळ्या साखळीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गरीब वस्तीतल्या 30 ते 60 वयाच्या 289 बायका होत्या. खुब्याच्या मानेपाशी 29 टक्के बायकांची हाडं विरळ निघाली. त्यांतल्या कित्येकींची पाळी अजून चालू होती. त्यांच्या रोजच्या जेवणातलं कॅल्शियम 300 मिलिग्रॅमच्याही आत होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये ठरवलेली गरज प्रौढ बाईला 1000 आणि पाळी गेलेल्या बाईला 1200 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाळी जाण्याआधीच या बायकांच्या हाडांत शिल्लक थोडी होती. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत 51 च्या सुमारास. आधीच थोडी शिल्लक, त्यात चार-पाच वर्षं लवकर सुरू होणारी घट. शत्रुघ्न यांनी यंत्र वापरलं, पण हचिसन, पटेल आणि शहा यांचा प्रश्न सोडला नाही: ही बाई जेवते काय, राबते किती, राहते कुठे?

भिवंडीसारख्या गावात हाडांची तपासणी बहुधा पोहोचते ती मोफत शिबिरातून. शाळेच्या वर्गात टेबल मांडलेलं, त्यावर डब्याएवढं यंत्र. बाईने चप्पल काढायची, टाचेला गार जेल लावायचं, पाय खाचेत ठेवायचा. मिनिटभरात हिरवा, पिवळा, लाल पट्टा असलेली चिठ्ठी हातात येते. ‘खाला, हड्डी कमजोर है’ म्हणत कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, आणि खाला जिना चढून घरी जाते. हे टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. हाड मोडण्याचा धोका ताडायला त्याचा थोडा उपयोग आहे, पण उणे 2.5 ची रेघ त्याला लागू नाही. ती डेक्साने मोजलेल्या खुब्यासाठी, मणक्यासाठी आणि मनगटाकडच्या हाडासाठी आहे. लाल चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे, पुढच्या तपासणीचं निमंत्रण आहे. पुढची तपासणी कुठे करायची हे मात्र त्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

सरकारी नोंदींतही या बाईला जागा थोडी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांच्या मुख्य मुलाखती 15 ते 49 वयाच्या, म्हणजे पाळी जाते तिथे प्रश्नावली संपते. तिशीपुढच्यांची घरोघर तपासणी होते ती रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. हे सगळेच आजार जिवावरचे, त्यांना जागा हवीच. पण त्याच फेरीत आशाताईने उंची मोजली, तर काय बिघडणार आहे? तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर उंची कमी झालेल्या बाईचा एखादा मणका दबलेला असण्याची दाट शंका घ्यावी लागते, आणि त्यासाठी लागतो फक्त टेप. शेफिल्डहून 2008 मध्ये आलेलं ‘फ्रॅक्स’ हे गणित यंत्राशिवायही चालतं: वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टेरॉइडच्या गोळ्या अशा माहितीवर ते दहा वर्षांतला धोका काढतं. भारतासाठी त्याचं वेगळं रूप आहे. पण त्यात ऊन नाही, ‘ड’ नाही, पडण्याचा इतिहास नाही. म्हणून निजामपुऱ्यात ते एकट्याने पुरणार नाही.

तिथे आधी बाईला जमिनीवर बसवावं आणि हात न टेकता उठायला सांगावं. मांड्या थरथरल्या, बरगड्या किंवा नडगी दाबल्यावर ती कळवळली, तर टी-स्कोअरच्या आधी रक्त तपासावं: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ‘ड’ जीवनसत्त्व, जमलं तर पॅराथायरॉइडचं संप्रेरक. मऊ पडलेल्या हाडात अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं सापडतं. निव्वळ विरळ हाडात ते बहुधा ठीक असतं. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते. एवढं न पाहता थेट अस्थिविरलतेचं औषध, विशेषतः वर्षातून एकदा शिरेतून देतात ते, सुरू केलं तर ‘ड’ कमी असलेल्या बाईच्या रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं, हातापायांना पेटके येतात. आधी ‘ड’ आणि कॅल्शियम भरून काढायचं, ठणका आणि ताकद किती सुधारली ते पाहायचं, आणि मग डेक्सा करायचं. मऊ पडलेलं हाड चुना भरला की मोजणीत भराभर वर येतं. काही बायकांचा आकडा त्यानंतर रेघेच्या वरही जातो आणि दुसरं औषध लागत नाही. उरलेल्यांना ते जरूर द्यावं. दुसरी मोजणी वर्ष-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. पहिल्या अहवालाचा कागद घरात रेशनकार्डाबरोबर जपून ठेवायला तेवढं तिला सांगावं.